मिठाचा अंदाज

गोळीबार चौकात पहाटे साडेचारला
माझा गाडा लागतो.
पोहे पिवळे, तर्री लाल,
वर चिवडा, कांदा, लिंबाची फोड.
आणि मागे मी, एकशे सात किलो,
पोटात गाड्याची कड रुतलेली.

रेल्वेतल्या एका बाबूनं सांगितलं,
नुसतं पाणी, पाच दिवस.
त्याची जळजळ गेली, गुडघा वाकू लागला,
बायको ओळखेनाशी झाली, असं म्हणाला
दुसरी प्लेट मागत.

धाकटा हेडाऊ औषधाच्या दुकानात असतो.
पराते भाऊ, तुम्ही साखरेची गोळी घेता, म्हणाला.
गोळी पोटात अन् पोटात काही नाही,
तर गोळी खाईल कोणाला?
मी हसलो.
त्याची प्लेट जरा कमी भरली.

पहिल्या दिवशी डोक्यात आज्याचा हातमाग चालला,
खट् खट्,
जो विकून हा गाडा घेतला होता.
दुसऱ्या दिवशी शकुननं पातेल्यावर झाकण ठेवलं,
तरी मला वरण ऐकू आलं.
तिसऱ्या दिवशी भूक निघून गेली,
पाहुणा न सांगता जातो तशी,
चपलेचा आवाजही न करता.

खोटं काहून बोलू, चौथा दिवस चांगला होता.
अंगठी सैल झाली.
जिना चढलो तर श्वास खालच्या पायरीवर राहिला नाही.
नाक इतकं धारदार
की कोथिंबीर कालची का परवाची
डोळे मिटून सांगावं.
अंगात एक रिकामी खोली निघाली
अन् कोणीतरी ती झाडून गेलं होतं.
साखर मोजली. एकशे बारा.
सात वर्षांत पहिल्यांदा.
आकडा कागदावर लिहून गाड्याच्या काचेला चिकटवला,
भावांच्या खाली.
एकानं विचारलं, हे कशाचे बे?

पाणी मात्र पीत राहिलो, तांब्यामागून तांब्या.
चैत्राचं ऊन, समोर भट्टी,
खारट घाम बाहेर, गोडं पाणी आत.
हा हिशेब मी केला नाही.
मी, जो रात्री लिंबं मोजून झोपतो.

पाचव्या दिवशी, सात वाजून गेले असतील,
उलथणं हातात होतं, मग नव्हतं.
चौक तिरपा झाला, सावकाश,
टेम्पो वळतो तसा.
डोकं पडलं कढईपासून वीतभर अंतरावर.
छगन अजून बोटं ताणून लोकांना दाखवतो
आणि दरवेळी ती वीत लहान होते.

मेयोतली डॉक्टर माझ्या पोरीच्या वयाची.
काका, रक्तातलं मीठ धुऊन काढलं तुम्ही.
आणि गोळी चालूच? कोणाला विचारलं होतं?
मी बाबूचं नाव घेतलं नाही.
आता एकदम जेवू नका, म्हणाली,
इतक्या उपासावर घाईचा घासही जीव घेतो.
मग शकुन चमच्यानं मुगाचं पाणी पाजायची
अन् दर चमच्याला एक शिवी,
हळूहळू, जिरेल अशी.

आठवड्यानं गाडा लावला.
सहा किलो उतरले होते, चार परत आले होते.
रोजचा रिक्षावाला भोजराज
पहिला घास तोंडात घेऊन थांबला.
आज बरोबर आहे, म्हणाला.
मधात पाच दिवस तर्री आळणी होती बाप्पा.
वरून मीठ टाकून खाल्ली साऱ्यांनी.

तीस वर्षं मी मीठ मोजलं नाही,
चमच्याच्या टोकावर चाखलं फक्त.
अन् पाच दिवस चाखणं बंद होतं.

मग बोललं काहून नाही कोणी?

तुम्ही इतके खूश दिसत होते, तो म्हणाला
आणि लिंबू पिळत राहिला.

हेडाऊ आला तेव्हा त्याची प्लेट शीग लावून भरली.
आता रात्रीचं जेवण दिवस बुडायच्या आत,
तेही त्या पोरीला विचारून.
काचेवरचा कागद तिथंच आहे.
तेल पिऊन पारदर्शक झाला.
एकशे बाराच्या आरपार
तर्री दिसते, उकळताना.